मीठ, पोटॅशियम आणि रक्तदाब: तोल सावरण्याचा योग्य क्रम

रक्तदाबाची गोळी सुरू झाली की बहुतेक घरांत पहिला हात मिठाच्या बरणीला लागतो. साध्या मिठाच्या जागी सैंधव येते, कोणी ‘लो सोडियम’ म्हणजे पोटॅशियम मिसळलेले मीठ आणते, सकाळी शहाळे सुरू होते, कोणीतरी पाठवलेला संदेश वाचून मॅग्नेशियमची गोळी घेतली जाते, आणि एप्रिल-मेमध्ये ठाणे-नवी मुंबईचा दमट उकाडा वाढला की ओआरएसची पाकिटे रोजच्या सरबतासारखी फुटू लागतात. यांतील प्रत्येक उपाय कोणाला ना कोणाला उपयोगी पडतो. मात्र तो आपल्याला चालेल की नाही, हे आपली औषधे आणि आपली मूत्रपिंडे ठरवतात, आणि नेमकी हीच चौकशी सर्वांत शेवटी होते किंवा होतच नाही. टेल्मिसार्टनसारखी गोळी चालू असलेल्या आणि मूत्रपिंडे थोडी मंदावलेल्या पासष्टीच्या माणसाने लो सोडियम मीठ आणि रोजचे शहाळे एकदम सुरू केले, तर त्याच्या रक्तातील पोटॅशियम धोकादायक पातळीपर्यंत चढू शकते. म्हणून या लेखात क्रमाला सर्वाधिक महत्त्व दिले आहे. खालील टप्पे दिलेल्या क्रमानेच करावेत. पहिले तीन पुरे होईपर्यंत स्वयंपाकघरात वरून काहीही नवे आणू नये.

सुरुवातीपूर्वी: एक गैरसमज दूर करावा

शरीरातील सोडियमचा मोठा भाग पेशींबाहेरच्या द्रवात असतो, तर पोटॅशियमचा सुमारे ९८ टक्के भाग पेशींच्या आत. जादा सोडियम बाहेर टाकण्याचे काम मूत्रपिंडे करतात. ते अपुरे पडले की सोडियमबरोबर पाणीही अंगात राहते, रक्तवाहिन्यांतील द्रव वाढतो आणि दाब चढतो. आहारातून पोटॅशियम कमी मिळाले, तर मूत्रपिंडांतील सूक्ष्म नलिका सोडियम अधिक घट्ट धरून ठेवतात. ते पुरेसे मिळाले, तर सोडियम लघवीवाटे मोकळे होते आणि रक्तवाहिन्यांच्या भिंतींतील स्नायूही सैलावतात. म्हणजे मीठ जास्त आणि भाज्या, डाळी, फळे कमी अशा आहारात दोन्ही बाजूंनी दाब वाढवणारी परिस्थिती तयार होते.

आता गैरसमज. रक्ताच्या रिपोर्टमध्ये सोडियम १३५ ते १४५ या मर्यादेत दिसले की ‘माझे मीठ प्रमाणात आहे’ असा निष्कर्ष अनेक जण काढतात. हा निष्कर्ष चुकीचा आहे. रिपोर्टमधील आकडा रक्तातील सोडियमची तीव्रता सांगतो, आपण किती मीठ खाल्ले हे सांगत नाही. मीठ जास्त गेले की तहान लागते, पाणी धरून ठेवले जाते आणि तीव्रता पुन्हा पूर्वीच्या जागी येते. वाढलेला असतो तो द्रव, आणि त्याच्याबरोबर दाब. दिवसाला बारा ग्रॅम मीठ खाणाऱ्याचेही रक्तातील सोडियम १४० असू शकते. उलट हा आकडा १३५ च्या खाली गेला, तर त्याचे कारण बहुतेक वेळा मिठाची कमतरता नसते. लघवी वाढवणारी गोळी, प्रमाणाबाहेर प्यायलेले पाणी किंवा दुसरा आजार हे त्यामागे असते. अशा वेळी स्वतःच्या मनाने मीठ वाढवणे हा उपाय नव्हे.

टप्पा १: रक्तदाब नीट मोजावा

आहारातील बदलाचा परिणाम लहान असतो. उच्च रक्तदाब असलेल्या माणसाने दिवसाला साधारण चार-साडेचार ग्रॅम मीठ कमी केले, तर वरचा आकडा सरासरी पाच अंकांच्या आसपास उतरतो. चुकीच्या पद्धतीने मोजलेला दाब मात्र सहज दहा अंक इकडेतिकडे होतो. त्यामुळे मोजमाप ढिले असेल तर पुढच्या कोणत्याही बदलाने फायदा झाला की नाही, हे कळण्याचा मार्गच उरत नाही.

मनगटावरचे यंत्र न घेता दंडावर कफ बांधायचे यंत्र घ्यावे आणि कफ आपल्या दंडाच्या घेराला बसतो की नाही, हे घेतानाच पाहावे. जाड दंडावर लहान कफ बांधल्यास आकडा खोटा चढतो. मोजण्यापूर्वी अर्धा तास चहा, कॉफी, तंबाखू आणि व्यायाम टाळावा, लघवीला जाऊन यावे आणि पाठ टेकवून, पावले जमिनीवर सपाट ठेवून, पाच मिनिटे शांत बसावे. दंड उघडा असावा, तो हृदयाच्या पातळीवर टेबलावर टेकलेला असावा आणि कोणाशीही बोलू नये. स्टेशनवरून चालत आल्यावर, चौथा मजला चढून आल्याबरोबर किंवा दूरदर्शनसंच चालू असताना घेतलेला आकडा वहीत लिहू नये.

सकाळी गोळी आणि नाश्ता घेण्यापूर्वी दोनदा आणि संध्याकाळी दोनदा, प्रत्येक वेळी एक मिनिटाच्या अंतराने, असे सलग सात दिवस मोजावे. पहिल्या दिवसाचे चारही आकडे सोडून द्यावेत आणि उरलेल्या २४ आकड्यांची सरासरी काढावी. घरी मोजलेली सरासरी १३५/८५ किंवा त्याहून अधिक असेल, तर ती दवाखान्यातील १४०/९० च्या तोडीची समजली जाते.

पडताळणी: पहिल्यांदा दोन्ही दंडांवर मोजून पाहावे. ज्या हाताचा आकडा सतत जास्त येतो, तोच हात पुढे कायम वापरावा.

सावधान: दाब १८०/१२० च्या वर असून छातीत दुखणे, धाप लागणे, एका बाजूची शक्ती जाणे, बोलण्यात अडखळणे किंवा दिसेनासे होणे यांपैकी काहीही असेल, तर हा लेख बाजूला ठेवून १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.

टप्पा २: औषधांची यादी करावी

हाच टप्पा सर्वाधिक वेळा गाळला जातो, आणि गाळल्याचे परिणाम सर्वांत गंभीर असतात. घरातील सगळी औषधे टेबलावर मांडावीत. त्यांत मेडिकलमधून चिठ्ठीशिवाय आणलेली, आयुर्वेदिक आणि ‘फक्त लागेल तेव्हा’ घेतली जाणारीही आली. प्रत्येक पाकिटावरचे मूळ औषधाचे नाव वाचावे, कारण एकाच गोळीत अनेकदा दोन किंवा तीन औषधे एकत्र असतात.

पहिला गट पोटॅशियम वाढवणाऱ्या औषधांचा. टेल्मिसार्टन, लोसार्टन, ओल्मेसार्टन अशी ‘सार्टन’ने संपणारी, रामिप्रिल, एनालाप्रिल अशी ‘प्रिल’ने संपणारी, आणि स्पायरोनोलॅक्टोन किंवा एप्लेरेनोन ही औषधे या गटात येतात. ही औषधे उत्तम आहेत आणि भीतीने बंद करण्याजोगी मुळीच नाहीत. परंतु ती चालू असताना पोटॅशियमयुक्त मीठ किंवा पोटॅशियमचे सिरप डॉक्टरांना न विचारता घेऊ नये.

दुसरा गट लघवी वाढवणाऱ्या औषधांचा: हायड्रोक्लोरोथायझाइड, क्लोरथॅलिडोन, इंडापामाइड, तसेच फ्युरोसेमाइड आणि टॉर्सेमाइड. यांच्यामुळे पोटॅशियम आणि मॅग्नेशियम कमी होऊ शकते. यांपैकी पहिल्या तीन औषधांमुळे विशेषतः वयस्कर स्त्रियांमध्ये रक्तातील सोडियमही खाली येऊ शकते. गोळीच्या नावापुढे ‘एच’ किंवा ‘सीटी’ असे अक्षर असेल तर तिच्यात बहुधा असे औषध मिसळलेले असते.

तिसरा गट कोणी औषध म्हणून मोजतच नाही. गुडघेदुखीसाठी घेतले जाणारे डायक्लोफेनॅक किंवा आयबुप्रोफेन सोडियम आणि पाणी धरून ठेवते, दाब चढवते आणि मूत्रपिंडांवर ताण आणते. आम्लपित्तासाठी घेतली जाणारी फसफसणारी पूड आणि पाण्यात विरघळणाऱ्या वेदनाशामक गोळ्या यांत बरेच सोडियम असते. खायच्या सोड्याच्या एका ग्रॅममध्येच सुमारे २७० मिलिग्रॅम सोडियम असते. वर्षानुवर्षे रोज सकाळी घेतलेले पँटोप्राझोल किंवा ओमेप्राझोल काही जणांत मॅग्नेशियम खाली आणते. आणि खोकल्यासाठी किंवा काढ्यात नियमित वापरलेले ज्येष्ठमध शरीरातून पोटॅशियम घालवते आणि दाब वाढवते. दाब का उतरत नाही याचे उत्तर कधी कधी मिठाच्या बरणीत नसून या काढ्यात सापडते, म्हणून ही चौकशी कंटाळा न करता पुरी करावी.

टप्पा ३: रक्त आणि लघवीची तपासणी, तीही योग्य रीतीने

डॉक्टरांच्या सल्ल्याने सोडियम, पोटॅशियम, क्रिएटिनिन आणि त्यावरून काढलेला ईजीएफआर (मूत्रपिंडे किती वेगाने रक्त गाळतात याचा अंदाज), तसेच लघवीतील अल्ब्युमिन तपासून घ्यावे. मॅग्नेशियम आणि कॅल्शियम प्रत्येकाला लागत नाही. लघवीची गोळी, पँटोप्राझोल किंवा वारंवार पायात गोळे येणे अशी कारणे असतील तर ते जोडावे. ठाण्यात महापालिकेचे कळव्याचे छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय आणि नवी मुंबईत महापालिकेचे वाशीचे रुग्णालय येथील बाह्यरुग्ण विभागातही रक्तदाबाच्या रुग्णांना पाहतात, त्यामुळे खासगी प्रयोगशाळेचा खर्च जड जात असेल तर तपासणी पुढे ढकलण्याचे कारण नाही.

पोटॅशियमचा आकडा नमुना घेताना सहज बिघडतो. दंडाला पट्टा बांधून वारंवार मूठ आवळली, रक्त ओढताना पेशी फुटल्या, किंवा नमुना रक्तद्रव वेगळा न करता बराच काळ थंड पेटीत राहिला, तर पेशींतील पोटॅशियम बाहेर झिरपते आणि रिपोर्टमध्ये खोटी वाढ दिसते. घरी येऊन नमुना नेण्याची सोय घोडबंदर रोडच्या वसाहतींत आता रुळली आहे. पण सकाळी साडेसहाला ओवळ्याला घेतलेली नळी आणखी दहा घरे फिरून आणि वाहतुकीत अडकून उशिरा पोहोचणार असेल, तर या एका तपासणीसाठी आपण स्वतः जवळच्या केंद्रावर जाणे बरे. नमुना देताना मूठ सैल ठेवावी आणि रिपोर्टवर ‘हिमोलाइज्ड’ (पेशी फुटलेला नमुना) अशी नोंद आहे का, ते वाचावे.

पोटॅशियमची नेहमीची मर्यादा ३.५ ते ५ च्या आसपास असते. आकडा अनपेक्षितपणे जास्त आला, तर त्याच दिवशी डॉक्टरांना कळवावे; ‘लॅबची चूक असेल’ असे स्वतःच ठरवून आठवडाभर थांबू नये. पोटॅशियम ६ च्या पुढे गेल्यास कोणतेही लक्षण नसतानाही हृदयाचे ठोके बिघडू शकतात. उलट लघवीची गोळी नसताना पोटॅशियम कमी आणि दाब मात्र तीन औषधे घेऊनही चढलेला, असे चित्र असेल, तर मूत्रपिंडांवर असलेल्या अधिवृक्क ग्रंथीतून अल्डोस्टेरॉन हे संप्रेरक जास्त स्रवत असण्याची शक्यता असते. त्यासाठी वेगळी रक्ततपासणी असते आणि ती मागण्यात संकोच करू नये.

आपण नेमके किती मीठ खातो हे जाणण्याचा सर्वांत विश्वासार्ह मार्ग म्हणजे २४ तासांच्या लघवीतील सोडियम. येथे एकच चूक वारंवार होते: पहिल्या सकाळची पहिली लघवी डब्यात घेतली जाते. ती टाकून द्यावी, वेळ लिहून ठेवावी, त्यानंतरची प्रत्येक लघवी डब्यात घ्यावी आणि दुसऱ्या दिवशी त्याच वेळची सकाळची लघवी घेऊन थांबावे. रिपोर्टमधील मिलिमोलच्या आकड्याला १७ ने भागले की दिवसाचे मीठ ग्रॅममध्ये मिळते. १७० आले तर सुमारे दहा ग्रॅम. भर उन्हाळ्यात घामावाटेही सोडियम जात असल्याने हा आकडा प्रत्यक्षाहून कमी येतो, म्हणून ही तपासणी शक्यतो पावसाळ्यात किंवा थंडीत करावी.

थांबून पाहावे: ईजीएफआर ६० च्या खाली, पोटॅशियम ५ च्या वर, किंवा टप्पा २ मधील पहिल्या गटातले औषध चालू, यांपैकी एकही गोष्ट लागू असेल तर टप्पा ४ आणि ५ निर्धास्तपणे करावेत, पण टप्पा ५ मधील लो सोडियम मीठ आणि टप्पा ६ डॉक्टरांशी बोलल्याशिवाय सुरू करू नये.

टप्पा ४: मीठ कुठून येते ते एक आठवडा शोधावे

जागतिक आरोग्य संघटनेची प्रौढांसाठीची मर्यादा दिवसाला २००० मिलिग्रॅम सोडियम, म्हणजेच पाच ग्रॅम मीठ, अशी आहे. सपाट भरलेल्या चहाच्या चमच्यात साधारण सहा ग्रॅम मीठ मावते, तेव्हा पूर्ण दिवसाचा वाटा त्याहूनही कमी आहे.

सर्वांत सोपी मोजणी पाकिटावरून होते. मिठाचे नवे पाकीट फोडले त्या दिवशी त्यावर तारीख लिहावी आणि संपले त्या दिवशी पुन्हा लिहावी. चार माणसांच्या घरात किलोभर मीठ तीस दिवसांत संपले, तर माणशी रोज सुमारे ८.३ ग्रॅम झाले, आणि यात बाहेरचे खाणे, पापड-लोणचे आणि पाव आलेलेच नाहीत. पाच ग्रॅमच्या हिशेबाने त्याच घराला महिन्याला घरचे-बाहेरचे सगळे धरून सहाशे ग्रॅमच पुरायला हवे. लोणचे घालण्यासाठी किंवा भाज्या धुण्यासाठी वापरलेले मीठ या मोजणीतून वेगळे काढावे.

दुसरी मोजणी वहीत करावी. ताटाच्या डाव्या कोपऱ्यात वाढलेले मीठ, लोणचे, चटणी, ठेचा, पापड, सांडगी मिरची, ताकातले मीठ, कणकेतले मीठ, स्टेशनबाहेरचा वडापाव, मिसळीवरचे फरसाण, चहाबरोबरची खारी, कार्यालयात मागवलेले नूडल्स किंवा मंचुरियन, हे सगळे सात दिवस जसे खाल्ले तसे लिहावे. पाकीटबंद पदार्थावर १०० ग्रॅममागे सोडियम मिलिग्रॅममध्ये छापलेले असते. त्या आकड्याला अडीचने गुणले की मीठ मिळते, आणि मग आपण १०० ग्रॅमपैकी किती खाल्ले ते पाहावे. चव खारट नसली तरी सोडियम असते; पाव, खारी, केक आणि पापडखार घातलेले पदार्थ ही त्याची उदाहरणे.

कोळी आणि आगरी घरांत, मग ते चेंदणी कोळीवाड्यातले असो की दिवाळ्या-सारसोळ्याचे, सुकट, बोंबील आणि खारवलेली मासळी पावसाळ्यात ताटात असतेच. ती सोडण्याची गरज नाही. खारवलेला मासा पाणी दोन-तीनदा बदलत भिजवून घ्यावा, ते पाणी फेकावे आणि कालवणात वेगळे मीठ घालू नये. कोकमाच्या आगळातही मीठ भरपूर असते, त्यामुळे सोलकढीत वरून मीठ घालणे म्हणजे दुप्पट.

पाण्याकडेही एकदा पाहावे. अनेक सोसायट्यांत बोअरच्या जड पाण्यासाठी सॉफ्टनर बसवलेला असतो. तो कॅल्शियम आणि मॅग्नेशियम काढून त्या जागी सोडियम देतो. लिटरमागे ३०० मिलिग्रॅम जडपणा काढला तर सुमारे १३८ मिलिग्रॅम सोडियम पाण्यात येते. असे पाणी अंघोळीला आणि कपड्यांना ठीक आहे. पिण्यासाठी आणि भाताच्या आधणासाठी महापालिकेच्या नळाचे किंवा आरओचे पाणी घ्यावे. आरओमुळे खनिजे कमी होतात ही भीती मात्र प्रमाणाबाहेर पसरली आहे, कारण खनिजांचा मुख्य पुरवठा अन्नातून होतो.

टप्पा ५: मीठ उतरवावे, पण एका दिवसात नव्हे

अळणी जेवण सुरू करून चौथ्या दिवशी कंटाळून सोडणे ही इथली नेहमीची चूक आहे. जिभेला नवी चव रुळायला काही आठवडे लागतात. म्हणून पहिल्या आठवड्यात फक्त ताटातले वरचे मीठ, पापड आणि ताकातले मीठ बंद करावे. दुसऱ्या आठवड्यापासून कणीक आणि भातातले मीठ काढावे. आमटी-भाजीबरोबर खाताना ते जाणवतही नाही. त्यानंतर भाजी-आमटीचे मीठ मोजूनच घालावे: रोजचे पूर्ण घराचे मीठ सकाळी एका वाटीत काढून ठेवावे आणि दिवसभर त्यातूनच घ्यावे. अंदाजाने चिमूट टाकणारा हात कधीच कमी टाकत नाही. आंबट आणि सुवासिक जिन्नस, म्हणजे लिंबू, आमसूल धुऊन, चिंच, लसूण, जिरे, ओले खोबरे, कोथिंबीर यांनी कमी मिठाची आमटी भरल्यासारखी लागते. मीठ शिजण्याच्या शेवटी घातले तर थोडके असूनही जिभेला अधिक कळते.

सैंधव, शेंदेलोण, काळे मीठ आणि गुलाबी मीठ यांबद्दल स्पष्ट सांगणे आवश्यक आहे. ही सगळी मुख्यत्वे सोडियम क्लोराइडच आहेत आणि त्यांत असलेले इतर क्षार इतके अल्प आहेत की रक्तदाबावर त्यांचा उपयोग नाही. ‘उपवासाचे मीठ हलके असते’ असे समजून ते सढळ हाताने वापरले जाते, आणि त्यांतली बरीचशी आयोडीनयुक्तही नसतात.

लो सोडियम मिठात सोडियम क्लोराइडचा काही भाग काढून त्या जागी पोटॅशियम क्लोराइड घातलेले असते. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चीनच्या ग्रामीण भागातील मोठ्या चाचणीत पाव भाग पोटॅशियम क्लोराइड असलेल्या मिठाने पक्षाघाताचे प्रमाण घटले, आणि जानेवारी २०२५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने प्रौढांसाठी असे मीठ सुचवले. मात्र मूत्रपिंडाचा आजार असलेले, गर्भवती आणि मुले यांना त्या सूचनेतून वगळले आहे. घरात एकाच बरणीतून सगळे जेवतात, म्हणून ते आणण्यापूर्वी घरातील प्रत्येकाची यादी पाहावी. नवऱ्याला योग्य असलेले मीठ सासूबाईंना घातक ठरू शकते.

पडताळणी: तीन आठवड्यांनी टप्पा १ प्रमाणे पुन्हा सात दिवस दाब मोजावा. उभे राहताना डोळ्यांपुढे अंधारी येऊ लागली असेल, तर मीठ वाढवण्याऐवजी डॉक्टरांना आकडे दाखवावेत. बहुधा गोळीचा डोस कमी करण्याची वेळ आलेली असते, आणि ती चांगलीच बातमी आहे.

टप्पा ६: पोटॅशियम ताटातून वाढवावे

मूत्रपिंडे ठीक असलेल्या प्रौढाला दिवसाला सुमारे ३५०० मिलिग्रॅम पोटॅशियम हवे. केळे खाल्ले की काम झाले, ही समजूत अपुरी आहे. मध्यम केळ्यातून साधारण चारशे मिलिग्रॅम मिळते; म्हणजे केळ्यांवरच भागवायचे तर आठ-नऊ लागतील. पोटॅशियमचा खरा भरवसा कडधान्ये, पालेभाज्या, कंदमुळे आणि दही-ताक यांवर असतो. चवळी, मटकी, कुळीथ, राजमा यांची वाटीभर उसळ किंवा पिठले रोज, एका जेवणात पालेभाजी, दुसऱ्यात फळभाजी, दिवसात दोन फळे आणि वाटीभर बिनमिठाचे दही, एवढे ताटात नियमित आले की गोळीची गरज सहसा पडत नाही. जांभळी नाक्याच्या मंडईत माठ, अळू, चवळीचा पाला आणि शेवग्याची पाने मिळतात. यांची जागा फक्त बटाट्याने घेऊ नये.

भाजी उकडून पाणी ओतून देण्याची सवय येथे तोट्याची आहे, कारण पोटॅशियम पाण्यात उतरते. ते पाणी आमटीत किंवा कणकेत घ्यावे. ज्यांना मूत्रपिंडाच्या आजारामुळे पोटॅशियम कमी ठेवायला सांगितले आहे, त्यांनी याच्या नेमके उलट करावे: भाजी बारीक चिरून, भरपूर पाण्यात उकडून, ते पाणी फेकून द्यावे.

एका शहाळ्यात आकारानुसार साधारण चारशे ते सहाशे मिलिग्रॅम पोटॅशियम असते. निरोगी मूत्रपिंडांसाठी ते उत्तम पेय आहे. टप्पा ३ च्या शेवटी सांगितलेल्या तीन गोष्टींपैकी एकही लागू असेल, तर मात्र शहाळ्याला ‘फक्त पाणी’ समजू नये.

टप्पा ७: मॅग्नेशियम आणि कॅल्शियम

रक्तदाबासाठी यांचा वाटा सोडियम-पोटॅशियमपेक्षा लहान आहे, म्हणून यांना शेवटी घ्यावे. एक गोष्ट तेवढी महत्त्वाची: मॅग्नेशियम कमी असेल तर मूत्रपिंडे पोटॅशियम गमावत राहतात आणि कितीही सिरप दिले तरी पोटॅशियम वर येत नाही. ज्वारी, बाजरी, नाचणी, शेंगदाणे, तीळ आणि डाळी यांतून मॅग्नेशियम मिळते. नाचणी, तीळ आणि दही यांतून कॅल्शियम. मैदा आणि पाव वाढले की दोन्ही घटतात. मूत्रपिंड मंद असताना मॅग्नेशियमच्या गोळ्या अंगात साठतात, आणि हायड्रोक्लोरोथायझाइड किंवा क्लोरथॅलिडोन चालू असताना कॅल्शियम व ड जीवनसत्त्वाचे मोठे डोस रक्तातील कॅल्शियम चढवू शकतात. तपासणीत कमतरता दिसली तरच गोळी घ्यावी.

टप्पा ८: उकाडा, घाम आणि जुलाब यांसाठी वेगळा नियम ठरवावा

एक लिटर घामातून सुमारे अर्धा ते दीड ग्रॅम सोडियम जाऊ शकते, पण हे प्रमाण माणसागणिक आणि सवयीगणिक फार बदलते. वातानुकूलित कार्यालयात ऐरोलीला बसणाऱ्या माणसाला लोकलमध्ये आलेल्या घामासाठी जादा मिठाची गरज नाही. नेहमीचे जेवण आणि तहानेपुरते पाणी पुरते. रबाळे-महापेच्या औद्योगिक वसाहतीत भट्टीपाशी उभे राहणारा, बांधकामावरचा किंवा दिवसभर दुचाकीवर सामान पोहोचवणारा माणूस मात्र खरोखर सोडियम गमावतो, आणि तो लघवीची गोळी घेत असेल तर मार्च संपण्यापूर्वीच त्याने डॉक्टरांकडून उन्हाळ्यासाठी डोस ठरवून घ्यावा.

‘उन्हाळा आहे, पाच लिटर पाणी प्या’ हा सल्ला क्लोरथॅलिडोनसारखी गोळी घेणाऱ्या आजी-आजोबांना धोक्याचा आहे. रक्तातील सोडियम झपाट्याने खाली आले की मळमळ, डोके दुखणे, चालताना तोल जाणे, असंबद्ध बोलणे आणि पुढे झटके अशी लक्षणे दिसतात. घरच्यांना तो वयाचा विसराळूपणा वाटतो. अचानक सुरू झालेला असा गोंधळ दिसला, तर त्याच दिवशी रुग्णालयात नेऊन सोडियम तपासावे.

ओआरएस हे जुलाब-उलट्यांवरचे औषध आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्रानुसार एक लिटर द्रावणात सुमारे १७२५ मिलिग्रॅम सोडियम असते, म्हणजे जवळपास ४.४ ग्रॅम मिठाएवढे. रोजचे गार पेय म्हणून ते घेतल्यास दिवसाची मर्यादा जवळजवळ त्यातच संपते. जुलाब होत असताना मात्र रक्तदाब आहे म्हणून ते टाळू नये. लिटरचे पाकीट लिटरभर पाण्यातच विरघळवावे. पेलाभर पाण्यात पूर्ण पाकीट टाकणे ही गंभीर चूक आहे. अशा दिवशी सार्टन, प्रिल आणि लघवीच्या गोळ्यांचे काय करायचे, हे डॉक्टरांना फोन करून विचारावे, कारण शरीर कोरडे पडलेले असताना या गोळ्यांनी मूत्रपिंडांना इजा होऊ शकते.

टप्पा ९: पुन्हा तपासणी आणि डॉक्टरांसाठी एक पान

सार्टन, प्रिल किंवा लघवीची गोळी नव्याने सुरू झाली किंवा तिचा डोस बदलला, तर दोन ते चार आठवड्यांत पोटॅशियम, सोडियम आणि क्रिएटिनिन पुन्हा पाहावे. लो सोडियम मीठ सुरू केले असल्यासही हीच मुदत पाळावी. दाब उतरला म्हणून गोळी स्वतः बंद करू नये.

भेटीला जाताना एकच पान न्यावे. त्यावर सात दिवसांची सरासरी, ती घेतल्याच्या तारखा, सर्व औषधांची मूळ नावे आणि डोस, शेवटच्या दोन रिपोर्टांतील सोडियम, पोटॅशियम, क्रिएटिनिन व ईजीएफआर, आणि घरात सध्या कोणते मीठ वापरात आहे हे लिहावे. ही शेवटची ओळ डॉक्टर स्वतःहून क्वचितच विचारतात, म्हणून ती आपणच लिहून न्यावी आणि वाचून दाखवावी.